टॉप ट्यूबवरून येणारी केबल आणि खालून ओढला जाणारा पुढचा डिरेलर : मेळ कसा बसवावा?

संथगती
नमस्कार. सव्वीस इंची चाकांची एक जुनी पोलादी माउंटन सायकल माझ्याकडे बरीच वर्षे पडून होती. फ्रेमला गंज नाही, सांधे शाबूत आहेत, म्हणून ती मोडीत काढण्याऐवजी तिला ड्रॉप हँडल लावून लांब पल्ल्याच्या रस्त्यांसाठी तयार करावी असे ठरवले. मागचे काम सुरळीत पार पडले. १० गियरची रोडची कॅसेट (मागच्या दातेऱ्यांचा संच), त्याच पिढीचा मागचा डिरेलर (साखळी एका दातेरीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) आणि ब्रेक व गियर एकाच ठिकाणी असलेले रोडचे लिव्हर हे सगळे एकमेकांशी नीट जुळले. ब्रेक कँटिलिव्हर असल्यामुळे तेही या लिव्हरवर व्यवस्थित चालले.

घोडे अडले आहे ते पुढे. तीन चेनरिंगचा (पेडलजवळच्या दातेरी चकत्यांचा) जुना क्रँक काढून मी ४६-३० दात्यांचा दोन चेनरिंगचा क्रँक बसवला आणि त्यासाठी रोडचा नवा डिरेलर आणला. त्याचा पट्टा ३१.८ मिमीचा आहे आणि माझी सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) २८.६ मिमीची, पण सोबत आलेली अर्धगोल पट्टी मध्ये घातल्यावर तो घट्ट बसला. मग केबल जोडायला गेलो तेव्हा लक्षात आले की या फ्रेमवर तिन्ही केबली टॉप ट्यूबखालून (वरच्या आडव्या नळीखालून) येतात आणि पुढच्या डिरेलरची केबल सीट ट्यूबच्या मागून खाली उतरते. डिरेलरची भुजा मात्र केबल खालून, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकचा दंड जिथे फिरतो त्या भागाच्या) बाजूने यावी अशा बेताने केलेली आहे. डाउन ट्यूबवर (खालच्या तिरक्या नळीवर) केबल अडवणारे टेकू नाहीत आणि बॉटम ब्रॅकेटच्या पोटाला मार्गदर्शक पट्टीसाठी भोकही नाही.

जुना डिरेलर अजून जवळ आहे. तो वरून ओढला जाणारा आहे, पण माउंटनचा आणि तीन चेनरिंगचा आहे. अशा स्थितीत कोणता मार्ग धरावा?

जुनाट पाना
संथगती, तुम्ही एक प्रश्न विचारला आहे, पण त्यात पाच प्रश्न दडलेले आहेत. पुढचा डिरेलर "चालेल का" याचे उत्तर हे पाचही वेगवेगळे तपासल्याशिवाय देता येत नाही, आणि बहुतेकांची फसगत होते ती एक जुळले की बाकीचे जुळलेच असे गृहीत धरल्यामुळे.

पहिला प्रश्न बसवण्याचा. पट्ट्याचे व्यास सहसा २८.६, ३१.८ आणि ३४.९ मिमी असतात, आणि मोठा पट्टा लहान नळीवर पट्टी घालून बसवता येतो, उलटे करता येत नाही. हा प्रश्न तुमच्यापुरता सुटलेला आहे. दुसरा ओढीच्या दिशेचा, ज्यावर तुम्ही अडला आहात. तिसरा ओढीच्या मापाचा, कारण एका क्लिकमध्ये लिव्हर किती मिलिमीटर केबल ओढतो आणि तेवढ्या केबलीत डिरेलर किती सरकतो हे रोड आणि माउंटन संचांत वेगळे असते. चौथा पिंजऱ्याच्या, म्हणजे साखळी ज्या दोन पट्ट्यांमधून जाते त्या चौकटीच्या, आकाराचा : त्याची बाहेरची पट्टी कोणत्या आकाराच्या मोठ्या चेनरिंगसाठी वळवलेली आहे आणि लहान-मोठ्या चेनरिंगमधला किती दात्यांचा फरक त्याला झेपतो. पाचवा चेनलाइनचा, म्हणजे फ्रेमच्या मध्यरेषेपासून चेनरिंग किती बाहेर आहेत याचा, जो सगळ्यात शेवटी आठवतो आणि सगळ्यात आधी तपासायला हवा.

आणखी एक गोंधळ सुरुवातीलाच दूर करतो. "टॉप स्विंग" आणि "टॉप पुल" हे शब्द एकसारखे वाटतात, पण त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. स्विंग म्हणजे पिंजरा ज्या सांध्यांवर झुलतो त्यांची रचना. टॉप स्विंगमध्ये पट्टा खाली, पिंजऱ्याच्या पातळीला येतो आणि जुन्या पद्धतीच्या रचनेत तो पिंजऱ्याच्या वर असतो. पुल म्हणजे केबल कोणत्या बाजूने येते ते. टॉप स्विंग असून केबल खालून घेणारे डिरेलर भरपूर आहेत आणि माउंटनच्या कित्येक डिरेलरांना दोन्ही बाजूंनी केबल जोडता येते. त्यामुळे खोक्यावरचा "टॉप" हा एकच शब्द वाचून माल उचलू नये.

आरेवाला
पुढचा डिरेलर काढून टाकावा, म्हणजे पाचही प्रश्न एकदम सुटतात. स्रॅमने २०१२ मध्ये पुढे एकच चेनरिंग असलेला एक्सएक्स१ संच आणून हेच केले, आणि मीही माझ्या पेटीतून तीन डिरेलर कमी केले.

संथगती
आरेवाला, तुमचा उपाय सर्वांत हलका आहे हे कबूल. परंतु ही सायकल सामान लादून चढ चढण्यासाठी आहे आणि उतारावर पाय नुसते गरगर फिरवत बसण्याची मला हौस नाही. मला ३० आणि ४६ दोन्ही हवे आहेत.

जुनाट पाना, आपण केलेली फोड उपयोगी आहे. चेनलाइनकडे मी पाहिलेले नाही हे प्रामाणिकपणे सांगतो.

दातेमोजणारी
मग केबलीचा विषय क्षणभर बाजूला ठेवा आणि मोजपट्टी घ्या. सीट ट्यूबच्या क्रँककडील पृष्ठभागापासून दोन चेनरिंगच्या बरोबर मधोमध येणाऱ्या बिंदूपर्यंतचे अंतर मोजा आणि त्यात नळीचा अर्धा व्यास, म्हणजे तुमच्या बाबतीत १४.३ मिमी, मिळवा. रोडच्या दोन चेनरिंगच्या डिरेलरांसाठी ही बेरीज साधारण ४३.५ मिमीच्या आसपास अपेक्षित असते, रोडच्या तीन चेनरिंगसाठी ४५, आणि माउंटनच्या तीन चेनरिंगसाठी ४७.५ किंवा ५०. तुम्ही क्रँक बदललात, पण बॉटम ब्रॅकेट जुनाच ठेवला असेल, तर चेनरिंग बरेच बाहेर गेलेले असणार आणि रोडचा डिरेलर पूर्ण ताणूनही मोठ्या चेनरिंगवर साखळी चढवू शकणार नाही. असे झाले की लोक केबल आणखी आवळतात, स्क्रू आणखी सोडतात आणि शेवटी लिव्हरला नावे ठेवतात.

अलीकडच्या संचांतही हे दिसते. शिमानोच्या २०१९ च्या जीआरएक्समध्ये रुंद टायरला जागा मिळावी म्हणून चेनलाइन ४६.९ मिमीवर नेली, म्हणजे शिमानोच्या सांगण्यानुसार त्यांच्या रोडच्या क्रँकपेक्षा अडीच मिलिमीटर बाहेर, आणि त्यामुळे त्या क्रँकला त्याच मालिकेचा पुढचा डिरेलर वापरावा लागतो. अडीच मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण पुढच्या डिरेलरच्या हिशेबात ते फार मोठे अंतर आहे.

केबलकट
दिशेच्या प्रश्नावर सोपा तोडगा आहे. पट्ट्याने सीट ट्यूबवर बसणारी छोटी पुली मिळते. वरून येणारी केबल त्या पुलीला खालून वळसा घालून पुन्हा वर जाते आणि खालून ओढल्या जाणाऱ्या डिरेलरच्या भुजेला मिळते. मी माझ्या सायकलवर हीच पुली चार वर्षांपासून वापरत आहे. आणलेला डिरेलर वाया जात नाही, लिव्हरही तेच राहतात आणि ओढीचे मापही बदलत नाही, कारण पुली फक्त दिशा बदलते.

चिखलयात्री
केबलकट यांचा अनुभव चांगला असेल, पण मी ती पुली दोन पावसाळे वापरून काढून टाकली. ती बसते कुठे ते पाहा : सीट ट्यूबच्या मागे, बॉटम ब्रॅकेटच्या जरा वर, म्हणजे मागच्या टायरच्या अगदी तोंडासमोर. टायर उडवतो ती सगळी माती थेट तिच्या खोबणीत जाते. सुरुवातीला साखळी खाली उतरायला वेळ लागू लागला, कारण उतरताना केबलला ओढणारी ताकद फक्त डिरेलरच्या स्प्रिंगची असते आणि स्प्रिंगला तो चिकटपणा पेलत नव्हता. एका लांब चढाच्या पायथ्याशी लहान चेनरिंग मागितले आणि ते मिळाले निम्मा चढ संपल्यावर. शिवाय टायर रुंद असेल, तर पुली आणि टायर यांच्यामध्ये बोटभर जागा तरी राहते का हे आधी पाहायला हवे.

केबलकट
मडगार्ड लावा. माझी पुली मडगार्डच्या पुढे येते आणि कोरडी राहते. मडगार्ड नसलेल्या सायकलवर मीही ती सुचवणार नाही, एवढे मान्य.

ग्रीसचे हात
मला वाटते की सगळे जण नवा डिरेलर वाचवण्याच्या मागे लागले आहेत आणि जुन्याकडे कोणी पाहतच नाही. संथगती यांच्याकडे वरून ओढला जाणारा माउंटनचा डिरेलर आहे. तो रोडच्या लिव्हरशी मापाने जुळत नाही हे खरे, पण दोन चेनरिंगमध्ये फक्त दोनच जागा गाठायच्या असतात आणि त्या दोन्ही टोकांना स्क्रू असतात. मधली जागा अचूक लागण्याची अट तीन चेनरिंगमध्ये असते.

माप थोडे हलवताही येते. केबल जिथे आवळली जाते तो बिंदू भुजेच्या खिळीच्या जितका जवळ, तितका पिंजरा तेवढ्याच केबलीत जास्त सरकतो. लांब गेला की कमी सरकतो. यावरून माझीच एक फजिती सांगतो. एका सायकलवर पुढचा डिरेलर काही केल्या मोठ्या चेनरिंगवर जाईना. दोन संध्याकाळी मी स्क्रू फिरवण्यात घालवल्या, केबल बदलली, आउटर (केबलचे बाहेरचे आवरण) बदलला. तिसऱ्या दिवशी दिवा जवळ धरून पाहिले, तेव्हा दिसले की केबल आवळण्याच्या वॉशरवर एक बारीक खाच आहे आणि मी केबल तिच्यात न बसवता बोल्टच्या दुसऱ्या बाजूने घातली आहे. फरक जेमतेम चार मिलिमीटरचा असेल. केबल खाचेत घातली आणि पहिल्याच क्लिकला साखळी वर चढली. तेव्हापासून मी बोल्ट पूर्ण सोडण्याआधी केबल कोणत्या बाजूने आहे याचे छायाचित्र काढून ठेवतो.

जुनाट पाना
ग्रीसचे हात, खाचेची गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे, परंतु जुना डिरेलर वापरण्याच्या सल्ल्याशी मी पूर्ण सहमत नाही. दोन टोके स्क्रूने ठरवता येतात, तरी लिव्हरमध्ये दोन मुख्य थांब्यांच्या जोडीला अर्ध्या क्लिकच्या जागा असतात. साखळी मागे तिरकी झाली की पिंजरा किंचित सरकवून घासणे थांबवण्यासाठी त्या दिलेल्या असतात. ओढीचे माप जुळले नाही, तर या जागा निरुपयोगी ठरतात आणि खरखर कायमची मागे लागते.

शिवाय तीन चेनरिंगच्या पिंजऱ्याची आतली पट्टी खूप खोल असते, कारण तिला मधल्या चेनरिंगवरून साखळी उचलायची असते. ४६-३० वर बसवताना बाहेरची पट्टी ४६ च्या दात्यांपासून १ ते ३ मिमी उंचीवर आणली, की आतल्या खोल पट्टीची साखळीशी नको तिथे गाठ पडते. दोन्ही पट्ट्यांचे वळणही मूळ मोठ्या चेनरिंगच्या हिशेबाने असते. हाच आक्षेप संथगती यांच्या नव्या रोडच्या डिरेलरलाही काही प्रमाणात लागू आहे. तो बहुधा ५० किंवा त्याहून अधिक दात्यांसाठी वळवलेला असेल. ४६ वर तो चालेल, पण शेपटाकडे फट मोठी राहील.

जुना डिरेलरच वापरायचा असेल, तर डाव्या बाजूला क्लिक नसलेला लिव्हर लावावा. हँडलच्या टोकाला बसणाऱ्या शिमानोच्या गियर लिव्हरांत डावा लिव्हर घर्षणावरच चालतो. त्याला कोणताही पुढचा डिरेलर, कोणतीही ओढ आणि कोणतेही चेनरिंग चालते. क्लिकची पद्धत शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एस संचात रूढ केली आणि ब्रेकच्या लिव्हरमध्ये गियर आले ते १९९० मध्ये. त्याआधी लोक सुसंगततेचा हा शब्दही न उच्चारता देश पालथे घालत होते.

आरेवाला
पाना, १९९० च्या आधी लोक गियर बदलायला हँडल सोडून डाउन ट्यूबपर्यंत हात नेत होते, हेही सांगा. चढावर एकदा करून पाहा, मग सुसंगततेचे महत्त्व कळते.

वळणवाट
डाउन ट्यूबचा मार्ग अजून कोणी नीट तपासलेला दिसत नाही. टेकू नसले तरी नळीवर पट्ट्याने बसणारे टेकू मिळतात. तिथपर्यंत आउटर आणि पुढे उघडी केबल असा मार्ग होतो. बॉटम ब्रॅकेटखाली भोक नाही ही अडचण खरी आहे, आणि तिथे भोक पाडायचेच झाले, तर बोल्ट आत कार्ट्रिजला टेकणार नाही इतका आखूड ठेवावा लागतो. त्यापेक्षा जुन्या काळातील सायकलींप्रमाणे केबल बॉटम ब्रॅकेटच्या वरून नेणारा पट्ट्याचा मार्गदर्शक शोधावा. फ्रेमला भोक पाडावे लागत नाही.

मात्र एक काम कोणी करू नये, जे मी केले. हाताशी होता म्हणून मी पुढच्या डिरेलरला ब्रेकचा आउटर लावला. ब्रेकच्या आउटरमधली तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, त्यामुळे केबल ताणली की तो किंचित दबतो. गियरच्या आउटरमधल्या तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात, म्हणून तो दबत नाही. माझा लिव्हर क्लिक करायचा आणि डिरेलर विचारात पडायचा. याच्या उलट चूक मात्र धोक्याची आहे : गियरचा आउटर ब्रेकला लावला, तर जोराने ब्रेक दाबताच त्या सरळ तारा फाकून आवरण फुटू शकते. इनरही (आतली तारही) वेगळी असते, गियरची १.२ मिमीच्या आसपास आणि ब्रेकची १.५ ते १.६ मिमी.

दातेमोजणारी
आतून केबल जाणाऱ्या फ्रेमवाल्यांनी यात एक भर घालून घ्यावी. पुढचा गियर बदलला की मागचा आपोआप अर्धा घर सरकतो, अशी तक्रार असेल, तर डिरेलरला हात लावू नये. दोन्ही केबली डाउन ट्यूबच्या आत एकमेकींना पिळल्या गेलेल्या असतात. केबल काढताना आधी बारीक नळी तिच्यावरून सरकवून आत सोडली, तर नवी केबल त्याच वाटेने विनासायास जाते. ती नळी न घालता केबल ओढून काढण्याचा पराक्रम केला, तर मग दोरा, व्हॅक्यूम क्लीनर आणि संयम ही तीन हत्यारे लागतात. पहिली दोन घरात सापडतात.

उघड्या केबली डाउन ट्यूबखाली एकदा एकमेकींना छेदून गेल्या, तर त्यात दोष नाही. डाव्या लिव्हरचा आउटर उजव्या टेकूत आणि उजव्याचा डाव्या टेकूत घालून खाली केबलींची फुली करणे ही जाणूनबुजून वापरली जाणारी पद्धत आहे. त्यामुळे हँडलजवळचे वळण मोठे आणि सैल होते.

आरेवाला
केबल नकोच. शिमानोचे विजेवर चालणारे डीआय२ २००९ मध्ये आले, स्रॅमचा बिनतारी ईटॅप २०१५ मध्ये आला, आणि आपण अजून वॉशरच्या खाचेवर चर्चा करत आहोत.

जुनाट पाना
विजेवर चालणाऱ्या डिरेलरने पाचपैकी फक्त दोन प्रश्न सुटतात : दिशा आणि ओढीचे माप. बसवणे, पिंजरा आणि चेनलाइन जिथल्या तिथे राहतात. उलट मोटरचा जोर जास्त असल्याने, डिरेलर मागे वाकू नये म्हणून डीआय२ ला सीट ट्यूबवर टेकणारा आधाराचा स्क्रू द्यावा लागला.

संथगती
सर्वांचे आभार. काल रात्री मोजमाप केले. नळीच्या पृष्ठभागापासून मधल्या बिंदूपर्यंत ३३ मिमी, अधिक १४.३, म्हणजे चेनलाइन ४७.३ मिमी येते. दातेमोजणारी यांनी वर्तवलेले भविष्य तंतोतंत खरे ठरले. डिरेलर हाताने बाहेर ओढून पाहिला, तर त्याचे टोक ४६ च्या चेनरिंगच्या वर जेमतेम पोहोचते, पलीकडे जात नाही. म्हणजे केबल जोडली असती, तरीही साखळी चढलीच नसती. बॉटम ब्रॅकेट चौकोनी टोकांचा आहे आणि त्याच्यावर ११८ मिमी असे लिहिले आहे.

दातेमोजणारी
मग वाट मोकळी आहे. बॉटम ब्रॅकेटचा दंड आखूड केला की जितका फरक पडतो त्याच्या निम्म्याने चेनरिंग आत येते, कारण उरलेला निम्मा डाव्या बाजूला कमी होतो. ११० मिमीचा दंड घेतला, तर ४ मिमी आत, म्हणजे ४३.३. कागदावर हे आदर्श आहे. पण माउंटनच्या फ्रेमचे चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्या) रुंद टायरसाठी बाहेर फुगवलेले असतात आणि ४६ दात्यांच्या चेनरिंगची त्रिज्या सुमारे ९३ मिमी भरते, दात्यांची टोके त्याहूनही बाहेर. चेनरिंग आणि चेनस्टे यांच्यामध्ये आत्ता किती फट आहे?

संथगती
६ मिमी.

दातेमोजणारी
मग ११० घेतल्यावर २ मिमीच उरेल, आणि पायावर जोर दिला की फ्रेम व क्रँक दोन्ही थोडे लवतात. रंग खरवडला जाईल. ११३ मिमीचा घ्या. अडीच मिमी आत येईल, फट साडेतीन राहील आणि चेनलाइन ४४.८ होईल. रोडचा डिरेलर तेवढा फरक सहन करतो.

चिखलयात्री
दिशेचा प्रश्न तरीही उरतो, आणि त्यावर पुलीपेक्षा चांगला मार्ग सांगतो. सायक्लोक्रॉसच्या सायकलींवर चिखल टाळण्यासाठी केबली टॉप ट्यूबवरूनच नेतात, त्यामुळे रोडच्या ओढीचा पण वरून ओढला जाणारा डिरेलर त्यांच्यासाठी मुद्दाम काढला गेला होता. शिमानोच्या सीएक्स७० मालिकेतला डिरेलर याच जातीचा आहे. तो १० गियरच्या काळातला आहे आणि मोठे चेनरिंग ४६ दात्यांचे धरून केलेला आहे. दिशा, माप आणि वळण तिन्ही गोष्टी तुमच्या सायकलीशी जुळतात. आता नवा सहज मिळत नाही, परंतु वापरलेला मिळतो. घेताना पिंजऱ्याची आतली पट्टी झिजून धारदार झालेली नाही ना आणि सांध्यांत खेळ आलेला नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

केबलकट
हे मला चार वर्षांपूर्वी कोणी का सांगितले नाही?

ग्रीसचे हात
सांगितले असते, तर पुलीची बाजू कोण लढवणार होते?

संथगती
तीन आठवड्यांनी परत येत आहे. ११३ मिमीचा दंड बसवला, चिखलयात्री यांनी सांगितलेला डिरेलर वापरलेला मिळाला आणि तोही बसला. काय केले ते क्रमाने लिहितो. आधी केबल न जोडता उंची लावली. बाहेरची पट्टी हाताने ओढून मोठ्या चेनरिंगच्या वर आणली आणि दात्यांपासून २ मिमीवर पट्टा आवळला. मग वरून पाहून ती पट्टी चेनरिंगला समांतर केली. या एका कामात सर्वांत जास्त वेळ गेला, कारण पट्टा आवळताना तो दर वेळी केसभर फिरायचा. पट्ट्याचा बोल्ट ५ ते ७ न्यूटन-मीटरच्या मर्यादेत, टॉर्कच्या पान्याने आवळला. त्यानंतर साखळी पुढे लहान आणि मागे सर्वांत मोठ्या दातेरीवर ठेवून आतला स्क्रू असा लावला, की आतली पट्टी आणि साखळी यांच्यात अर्ध्या मिलिमीटरहून कमी फट राहील. मग केबल खाचेत घालून ताणली आणि शेवटी बाहेरचा स्क्रू लावला.

पहिल्याच क्लिकला साखळी ३० वरून ४६ वर गेली. खरे सांगायचे तर तो आवाज ऐकण्यासाठी मी पुढची दहा मिनिटे सायकल स्टँडवर ठेवून उगाचच गियर बदलत बसलो होतो.

आता दोन गोष्टी उरल्या आहेत. पुढे लहान आणि मागे सर्वांत लहान दातेरी असताना साखळी बाहेरच्या पट्टीला घासते आणि अर्ध्या क्लिकने ते पूर्ण जात नाही. दुसरी गोष्ट अधिक विचित्र आहे : चढावरच्या एका अरुंद वळणावर, लिव्हरला हातही न लावता, साखळी मोठ्या चेनरिंगकडे चढू लागली.

जुनाट पाना
पहिल्याला दोष म्हणू नका. साखळी इतकी तिरकी करणारी जोडी कोणीच चालवू नये. ३० वर असताना मागच्या शेवटच्या दोन दातेऱ्यांच्या आधीच ४६ वर जावे. दुसऱ्यासाठी एक तपासणी करा. सायकल स्टँडवर लावून पेडल फिरवत ठेवा आणि कोणाला तरी हँडल पूर्ण उजवीकडे वळवायला सांगा.

संथगती
केले. हँडल उजवीकडे वळले की डाव्या लिव्हरचा आउटर ताणला जाऊन टॉप ट्यूबच्या टेकूतून त्याचे टोक बाहेर येऊ पाहते आणि इनर ओढली जाते. नीटनेटके दिसावे म्हणून मी तो आउटर हेड ट्यूबला अगदी चिकटवून आखूड कापला होता.

दातेमोजणारी
तीन-चार सेंटिमीटर लांब आउटर घाला. हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहा आणि मगच कापा.

संथगती
आउटरचा तुकडा शिल्लक आहे. इनर मात्र डिरेलरच्या बोल्टपलीकडे दोन सेंटिमीटर ठेवून आधीच कापली आहे, टोकाला टोपीसुद्धा दाबून बसवली आहे. तेव्हा आता नवी इनर.